किराणा कुठून भरणार?

पुंडलिकनगरात आम्ही राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून कपाटसुद्धा उतरलं नव्हतं. शेजारच्या फाटकातून डोक्यावर पदर घेतलेल्या एक बाई आल्या, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "नवरा कुठं नोकरीला हाय ते मागून सांग. किराणा कुठून भरणार?"

मी नवी नवरी, शहरही नवं. "बघू, जवळपास कुठंतरी," म्हणाले. त्यांनी कपाळाला हात लावला. "कुठंतरी? अगं, पोरगी देताना स्थळ बघतेत, तसं दुकान बघावं लागतं बाई!"

त्या कौसाकाकू. माहेर बिडकीनजवळचं, शेतकऱ्याचं. नवरा कंपनीत लागला म्हणून शहरात आलेल्या. गल्लीत कुणी कुठून काय आणायचं ते काकू ठरवायच्या आणि आम्ही बाकीच्या जणी पिशव्या घेऊन त्यांच्या मागे चालायचो. आज त्या असत्या आणि मला हे लिहिताना पाहिलं असतं, तर आधी कागद कुठल्या दुकानातून आणला ते विचारलं असतं.

दुकान पारखायचं त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. "ज्या गुळाला माशी शिवंना, तो माणसानं कामून खावा?" हे एक. दुसरं मांजराचं. "दुकानातलं मांजर रोडकं असलं की खुशाल भरा. तिथं उंदीर नाय." आणि लठ्ठ असलं तर, असं मी एकदा विचारलं. "मंग उंदीर लई असतेत, नायतर मालक मांजराला गिऱ्हाइकाचा माल चारतो. दोन्ही वंगाळ."

मिरची मात्र शहागंजच्या जुन्या बाजारातूनच. तिथे मिरचीच्या ढिगाकडे त्या बघायच्याही नाहीत, थेट दुकानदाराला विचारायच्या, "भाईजान, तुमारे घरकू कौनसी मिरची जाती? वोइच देव मेरेकू." तो हसायचा आणि आतलं पोतं उघडायचा. परतताना काकू मला सांगायच्या, "दुकानदार सोता काय खातो तेवढं बघावं. बाकी समदं पाटीवर लिहिलेलं असतं."

रोजच्या किराण्याला कोपऱ्यावरचे सुभाषशेठ. दुकान निघालं तेव्हापासून काकू तिथेच जायच्या आणि रोज भांडायच्या. त्यांचं मांजर चांगलं रोडकं होतं.

मग दुष्काळाची ती वर्षं आली. शहर बायपासच्या पलीकडे पसरत चाललेलं आणि आमच्या नळाला पाणी कधी येईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येईना. गल्लीतला बोअर आटला. टँकर यायचा, तोही कुठल्या तरी खोल बोअरचं मचूळ पाणी घेऊन. भांड्यांवर पांढरे डाग पडायचे. आणि त्याच दिवसांत घरोघरी तुरीची डाळ शिजायची थांबली. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी झाकण काढावं तर दाणे आपापले वेगळे.

काकूंनी चार दाणे चिमटीत चुरून पाहिले आणि भर टँकरपाशी निकाल दिला, "सुभाषनं जुनी डाळ मारली आपल्या गळ्यात!"

"काकू, डाळ यंदाची हाय, आईशप्पथ," सुभाषशेठ दुकानातून धावत येऊन काकुळतीने म्हणाले.

"तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाय आता मी." काकू वळल्या आणि गल्ली त्यांच्या मागोमाग वळली.

मग आमचं दुकान बघणं सुरू झालं. पुढच्या चौकातली डाळ शिजेना. बायपासजवळ ढकलगाडी घेऊन आपला आपणच माल उचलायचा असं नवं मोठं दुकान निघालं होतं, तिथे गेलो. रखवालदाराने पिशवी ठेवायला सांगितल्यावर काकू कडाडल्या, "माझी पिशवी तू ठिवून घेतो, अन् चोर मी व्हय?" आत गणवेशातल्या मुलीला त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला, घरी कोणती डाळ शिजते? ती म्हणाली, "काय माहीत, मी मेसमध्ये जेवते." ती डाळही शिजली नाही. शहागंजातलीही नाही. काकू हताश होऊन म्हणाल्या, "समद्या शहरानंच जुनी डाळ भरली गं!"

इकडे सुभाषशेठचं शटर अर्धं खाली असायचं. गाळा मोबाईलवाल्याला देणार असं कानावर यायला लागलं.

काकूंची लेक पैठणला. तिच्याकडे जाताना उरलेली सुभाषशेठची डाळ काकूंनी सोबत नेली, निदान म्हशीच्या तोंडी तरी लागेल म्हणून. लेकीला कुठलं माहीत? तिने तीच कुकरला लावली आणि लोण्यासारखं वरण झालं. दुसऱ्या दिवशी काकू एसटीतून उतरल्या त्या पाण्याचा कॅन कडेवर घेऊन, आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात आल्या. दोन कुकर, डाळ तीच. एकात टँकरचं पाणी, एकात पैठणचं. झाकणं काढली. पैठणच्या पाण्यातली डाळ विरघळली होती, दुसरी होती तशीच.

काकूंनी दोन्ही कुकरांत चमचा फिरवून पाहिला. "पाणी गं. खोटं पाणी निघालं, अन् मी त्या पोराला खोटं पाडलं."

त्यांचा तो चेहरा मला बघवेना. मी म्हणाले, "काकू, उद्यापासून गुपचूप त्यांच्याकडे जायला लागू. बाकीच्या येतीलच मागून."

"नाय. नाव चारचौघांत बुडवलं ना? मंग वर बी चारचौघांतच काढावं लागतं."

दुपारी टँकर आला. साऱ्या बायका रांगेत असताना काकूंनी वरणाचं पातेलं घेतलं आणि दुकानाची पायरी चढल्या. "सुभाष, खा. तुझीच डाळ हाय. बायांनो, ऐका गं, डाळ चांगली व्हती, पाणी वंगाळ व्हतं. मी चुकले."

काकूंच्या तोंडून हे शब्द कुणीच कधी ऐकले नव्हते. माझे डोळे भरून आले. सुभाषशेठनी दोन चमचे वरण खाल्लं, डोळे पुसले आणि एकाएकी स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

"काकू, आमच्या घरी बी शिजत नव्हती! मला वाटलं, मोंढ्यातल्या धान्याच्या व्यापाऱ्यानं मला फसवलं. त्याच्याकडून माल घ्यायचं सोडलं, लई बोललो त्याला."

सारी रांग खो खो हसली. काकू तेवढ्या हसल्या नाहीत.

"समद्यांसमोर बोलला?"

"व्हय. भर मोंढ्यात, हमालांसमोर."

काकूंनी त्यांच्या हातातला चमचा काढून घेतला. "मंग आता संपवू नको. स्कूटर काढ."

दुकान आमच्या भरवशावर उघडं टाकून सुभाषशेठ मोंढ्याकडे निघाले. मागे काकू, मांडीवर पातेलं, एका हाताने झाकण दाबून धरलेलं. स्कूटर वळेपर्यंत त्यांचा आवाज आम्हाला ऐकू येत होता, "काय म्हणायचं ते वाटंत शिकवते तुला. पण तिथं म्हणायचं तूच!"