उंटापुढचं प्यादं

बाबा वैजापूरहून माझ्याकडे राहायला आले ते आपखुशीनं नाही. आई गेल्यानंतर ते तिथं एकटेच राहत होते. या उन्हाळ्यात न्हाणीत पाय घसरून पडले आणि बराच वेळ तसेच पडून राहिले. शेजारणीनं दूध द्यायला दार वाजवलं तेव्हा कळलं. हाड मोडलं नव्हतं, पण माझा जीव काही थाऱ्यावर राहिला नाही. गाडी करून गेले आणि त्यांना शहरात, गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. येताना त्यांनी कपडे घेतले आणि बुद्धिबळाचा पट घेतला, बाकी सगळं तिथंच ठेवलं. आल्याच दिवशी मला सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत बघतो बाई. करमलं तर ठीक, नाय तर मी आपला माझ्या घरी."

करमलं तर, म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. बाबांनी सगळी नोकरी मार्केट यार्डात काढली, कांद्याच्या लिलावावर कारकून म्हणून. लिलाव उठला की यार्डाबाहेरच्या चहाच्या हॉटेलात जायचं आणि समोरच्या बारदान्याच्या दुकानातल्या चाचांबरोबर डाव मांडायचा, हे त्यांचं वर्षानुवर्षं चाललेलं. नोकरी संपली तरी डाव संपला नव्हता. चाचा अजून रोज दुपारी तिथं येऊन बसतात आणि बाबा दिसत नाहीत म्हणून फोन करतात, "क्या जी, कब आते?" बाबा परत गेले तर पुन्हा त्याच घरात, त्याच न्हाणीत, एकटे. माझं सगळं चित्त त्या दिवाळीकडे लागलं होतं.

तेव्हा चाचांची जागा मीच घ्यायची ठरवली. मला मोहरी चालवता यायची एवढंच. शाळेत शिकवून आले की चहा घेऊन मी पटावर बसायचे, आणि चहा संपायच्या आत माझा वजीर पडायचा. बाबा हसायचे नाहीत, ते जास्त लागायचं. "तू भाजी टाक जा," म्हणायचे आणि मोहरी पुन्हा मांडून एकटेच खेळत बसायचे.

हरता हरता एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. पांढरी माझ्याकडे असायची. मी राजापुढचं प्यादं दोन घरं सारलं की बाबा दर खेपेला तेच करायचे. वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं ते एक घर पुढं सारायचे. दोन नाही, एकच. मी विचारलं, "हेच का?" तर म्हणाले, "तसंच सारायचं असतं." आता मला एखादी गोष्ट समजली नाही की मी तिच्या मागे हात धुऊन लागते. घरातला मिक्सर मी दोनदा खोललाय, आणि एकदाच परत जोडता आला. 'तसंच असतं' हे उत्तर मी वर्गातल्या पोरींना देत नाही आणि कुणाकडून घेतही नाही.

म्हणून मोबाइलवर शोधलं. हिंदीत समजावून सांगणारा एक माणूस सापडला आणि मी चाटच पडले. बाबांच्या त्या सुरुवातीला नाव होतं, परदेशातलं जोडनाव, आणि बाबा पुढं ज्या चाली करायचे त्यांना 'क्लासिकल व्हेरिएशन' म्हणत होते. त्यानं दाखवलेलं सगळं, काही माझ्याशी खेळताना, काही बाबा एकटे खेळताना, मी आमच्या पटावर रोज पाहत होते. उंटापुढचं प्यादं एक घर, मग वजिरापुढचं दोन घरं, प्याद्यांची मारामारी, आणि आतला उंट चटकन बाहेर. पांढरा आपला घोडा त्या उंटाच्या अंगावर घालतो, उंट एक घर मागे सरतो. मग पांढरा अगदी कडेचं, हत्तीपुढचं प्यादं सोडतो, उंटाला कोंडायला. काळा आपल्या कडेचं प्यादं एक घर सारून उंटाला मागे जायला वाट करून देतो. पांढरं प्यादं आणखी पुढं येतं, उंट त्या बिळात जाऊन बसतो. आणि एवढं हाकलून झाल्यावर पांढरा आपलाच उंट त्याच्यासमोर नेऊन ठेवतो, अन् दोघं एकमेकांचे उंट मारून मोकळे होतात.

हे मला कळेना. इतकं मागे लागायचं आणि शेवटी बरोबरीनं अदलाबदल करायची, तर हाकललं कशाला? बाबांना विचारलं. ते पटाकडे बघतच म्हणाले, "उंट कुठं पाह्यजे व्हता त्याला? त्याला ते कडेचं प्यादं फुढं न्यायचं व्हतं. लिलावात नाय का, घ्यायचा एक ढीग अन् बोली लावायची शेजारच्यावर."

व्हिडिओतल्या माणसाला हेच सांगायला निम्मा व्हिडिओ लागला होता. त्या दिवशी मी घरभर मिरवले. नवऱ्याला, शाळेतल्या बायकांना, ज्याला त्याला सांगितलं की जगातले मोठे खेळाडू खेळतात ते आमच्या बाबांनी यार्डाबाहेर चहा पिता पिता स्वतःच काढलंय. नवरा म्हणाला, मग त्यांना क्लबात ने की. सिडकोत एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी लोक खेळायला जमतात, हे त्यालाच माहीत होतं. मला वाटलं, झालं, करमायची सोय लागली.

क्लबात एक तरुण मुलगी शिकवायची. तिनं बाबांना बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांसमोर बसवलं. बाबांनी धोतर सावरलं, टोपी काढून मांडीवर ठेवली. गृहस्थांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सारलं, बाबांनी आपलं उंटापुढचं एक घर. मग सगळं त्या व्हिडिओबरहुकूम होत गेलं. उंट बाहेर आला, कडेचं प्यादं धावलं, उंट बिळात गेला, दोन्ही उंट पडले. शिकवणारी मुलगी मागे येऊन उभी राहिली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "काकू, आजोबा तर एकदम थिअरी खेळतायत." माझी छाती फुगली. खोटं कशाला सांगू, आजूबाजूला कोण कोण बघतंय हेही मी पाहून घेतलं.

आणि बाबांनी राजा उचलला, घोड्यासारखी अडीच घरं उडी मारली, आणि उंटापुढचं प्यादं सरकल्यामुळे जे घर रिकामं झालं होतं त्यात नेऊन ठेवला. ठेवून मागे टेकून बसले. घरी पोचल्यासारखा चेहरा होता त्यांचा.

 समोरचे गृहस्थ फार अदबीनं म्हणाले, "आजोबा, राजाला अशी उडी नसते."

"एकदा असती की. शह बसला नसल तर," बाबा म्हणाले.

मग उलगडा झाला. बाबा आणि चाचा खेळायचे ते आपल्याकडचं जुनं, देशी बुद्धिबळ. त्यात किल्लेकोट नाही. म्हणजे एकाच चालीत राजा सरकवून हत्ती त्याच्या शेजारी आणून ठेवायचा आणि राजाला आडोसा करायचा, तो प्रकार नाही. त्याऐवजी राजाला पूर्ण डावात एकदा घोड्याची उडी मिळते. मला हे कधी कळलंच नव्हतं, कारण माझ्याशी खेळताना त्यांच्या राजावर जागा सोडायची पाळीच आली नव्हती, आणि ते एकटे खेळत तेव्हा डाव रंगात यायच्या आत मी भाजीकडे वळलेली असायचे. ते प्यादं त्यांनी जन्मभर सारलं ते राजासाठी घर मोकळं करायला. डाव रंगात आला की चाचा विचारायचे म्हणे, "क्या जी, राजे का घर बना क्या नै अबी?" मोठ्या खेळाडूंचं कारण वेगळं, बाबांचं वेगळं, आणि प्यादं मात्र तेच.

क्लबाचा नियम असा की ज्या मोहऱ्याला हात लागला तेच चालवायचं. राजाला एकच घर सापडलं, वजीर आणि उंटाच्या पुढ्यात, भर मैदानात. त्यानंतर डाव फार चालला नाही. बाबांनी हात जोडले, टोपी घातली आणि जिना उतरले.

रिक्षात ते बाहेर बघत होते. मी स्वतःला शिव्या घालत होते. मिरवायला नेलं आणि चार लोकांत त्यांचं हसं केलं. आता हे दिवाळीचीही वाट बघायचे नाहीत, उद्याच एसटी धरतील, असं मी धरूनच चालले होते. क्रांती चौक ओलांडला तसे ते माझ्याकडे वळले.

"यांच्यात राजाला उडी नाय."

"नाही, बाबा."

"मंग हे लोक ते प्यादं कामून सारतेत?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी मिक्सर खोलते तेव्हा माझा आवाज असाच होत असणार.

घरी आल्यावर जेवायच्या आधी पट मांडला. मी त्यांना व्हिडिओतलं कारण सांगितलं. ते प्यादं मागे उभं असतं म्हणून वजिरापुढच्या प्याद्याला जोर मिळतो, आणि उंटाची वाटही बंद होत नाही. बाबांनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले. मग राजाकडे बोट केलं. "अन् ह्यो कुठं जातो?"

तिथून पुढं आमच्या घरात तोच प्रश्न राहायला आला. मी डाव शोधून आणायचे, मोबाइल बघून मोहरी हलवायचे, बाबा बघायचे. जुने खेळाडू काळ्या राजाला लांबच्या बाजूला नेऊन किल्लेकोट करत. तिकडे पांढऱ्याचं पुढं आलेलं कडेचं प्यादं पोचत नाही, डाव शांत होतो, बरेचदा बरोबरीत सुटतो. नंतरचे खेळाडू मात्र राजाला जवळच्या बाजूला नेतात, जिथं ते प्यादं उरावर येऊन बसलंय त्याच बाजूला. आणि तरी वाचतात, कधी कधी जिंकतातही. बाबांना लांबचा किल्लेकोट लगेच पटला, कारण त्यात राजा त्यांच्या जुन्या घराच्या शेजारी जातो. जवळचा मुळीच पटेना. "ज्या अंगानं चोर यायचा त्याच अंगाला खाट टाकायची?" असं म्हणत ते तो डाव पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगायचे.

चाचांना त्यांनी फोनवर किल्लेकोट समजावला. चाचांचा आवाज मला स्वयंपाकघरातून ऐकू येत होता. "एकच टैम पे दो मोहरे? ये तो चोरी है जी."

"चोरीच हाय," बाबा म्हणाले, "पर समदे करतेत."

रविवारी ते स्वतःहून क्लबात जायला लागले. हरायचे. आता किल्लेकोट करायचे, पण न पटणारा तो जवळच्या बाजूचा करून बघितला की पांढरी प्यादी चालून यायची आणि बाबांचा डाव कोपऱ्यात गुदमरायचा. घरी येऊन पुन्हा मांडायचे. दिवाळी आली. मी फराळाचे डबे भरत होते आणि कान त्यांच्या खोलीकडे होते. भाऊबीज झाली. पाहुणे गेले. पिशवी भरल्याची चाहूल काही लागेना. न राहवून मीच विचारलं, "बाबा, तिथं तुम्ही जिंकायचा. इथं सारखे हरताय. वैजापूरला जावंसं नाही वाटत?"

"वाटतं की," ते म्हणाले. "रोज वाटतं. पर तिथं चाचाच्या हाताकडं बघितलं का मला चाल कळायची. इथं काय कळंना झालंय. कळूस्तोवर कसा जाऊ?"

मी मान हलवली आणि उरलेला फराळ डब्यांत भरत राहिले. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

त्यानंतरच्या रविवारी बाबा खेळत असताना मी शिकवणाऱ्या मुलीला गाठलं. राजा जवळच्या बाजूला असूनही काळा वाचतो कसा, तेवढं एकदा सांग म्हटलं. तिनं रिकाम्या पटावर मांडून दाखवलं. पांढऱ्याचा हल्ला करणारा उंट आधीच पडलाय, पुढं आलेल्या प्याद्याला राखायला त्याचीच माणसं अडकतात, आणि तेवढ्यात काळ्यानं दुसऱ्या बाजूनं डाव उघडायचा. कशानं, तर उंटापुढच्या त्या प्याद्यानं. ते तिथं उभं ठेवायचंच नाही. आणखी एक घर पुढं सारायचं.

"आजोबा सगळं बरोबर करतात," ती म्हणाली, "फक्त त्या प्याद्याला परत हात लावत नाहीत. का, कोण जाणे."

मला माहीत होतं का ते. ते प्यादं म्हणजे राजाच्या दारावरची भिंत. भिंत कुणी हलवतं का?

घरी आलो. बाबांनी हातपाय धुऊन पट मांडला, हरलेला डाव लावला आणि काळा राजा जिथं गुदमरला होता तिथं थांबले. उंटापुढचं प्यादं त्यांच्या बोटापासून वीतभरही लांब नव्हतं. चाचांचा फोन वाजला, तो त्यांनी घेतला, "अबी नै, जरा टैम लगता," म्हणाले आणि ठेवला. मग चष्मा वर सारून माझ्याकडे पाहिलं.

"त्या पोरीला काय ईचारत व्हतीस मघाशी? ह्याचंच ना? काय म्हनली?"

"काही नाही," मी म्हटलं. "तिलाही नीट सांगता येईना."

"व्हय?" बाबा म्हणाले आणि खुशीत खुर्ची पुढं ओढून बसले.