ह्यांना टायर फिरवायचे होते

मुलुंड पूर्वेला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. हे, सासूबाई आणि मी. मूलबाळ नव्हतं. हे आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात शिफ्टचे सुपरवायझर होते. तिथल्या एका साहेबांची जुनी गाडी ह्यांनी विकत घेतली, ती घरी आली तेव्हा सासूबाई नारळ घेऊन थेट बॉनेटवरच फोडायला निघाल्या होत्या. ह्यांनी धावत जाऊन तो हातातून काढून घेतला आणि जमिनीवर फोडला. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. आमच्या बिल्डिंगीत तेवढी एकच गाडी होती.

गाडीतून आम्ही फार कुठे गेलो असं नाही. वर्षातून एकदा मालवणला, अधूनमधून डोंबिवलीला भावोजींकडे, एखाद्या रविवारी जुहूला. पण हे तिचं करायचे मात्र खूप. पावसाळा संपला की एका रविवारी जॅक लावून एकेक चाक काढायचे. पुढची चाकं मागे, मागची पुढे, तीही डावी-उजवी बदलून, आणि डिकीतली स्टेपनीसुद्धा त्या फेऱ्यात घ्यायची. मी चहा घेऊन गेले की न विचारता सांगायचे. "पुढची चाकं वळतात, त्यामुळे त्यांच्या कडा झिजतात. मागची गाडी ढकलतात, ती मधे झिजतात. आठेक हजार किलोमीटर झाले की जागा बदलायच्या. नाहीतर दोन टायर टकले आणि दोन नवे, मग ब्रेक मारला की गाडी कुठे जाईल नेम नाही."

"आणि ही डिकीतली? ती तर नुसती पडून असते."

"पडून पडून रबर सुकतं गं. तिलाही रस्ता दाखवायला हवा."

मी हो हो म्हणायचे. माझं लक्ष चहा निवण्याकडे असायचं. चाकं फिरवून झाली की आग्रा रोडच्या टायरवाल्याकडे जाऊन ती मशीनवर बॅलन्स करून आणायचे. तेही मला सांगितलेलं असणार. आठवत नव्हतं.

मग एका सकाळी दाढी करताना ह्यांच्या हातातून रेझर पडला. मी आतून विचारलं, "काय झालं?" उत्तर आलं नाही. जाऊन बघते तर आरशासमोर उभे, अर्ध्या गालावर साबण, आणि तोंड एका बाजूला ओढलेलं. अर्धांगाचा झटका होता. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा उजवा हात गेलेला, उजवा पाय ओढत चालायचे, आणि बोलणं गेलं होतं. अगदी सगळं नाही. एक शब्द राहिला होता, 'बघू'. पाणी हवं असलं तरी बघू, उशी टोचली तरी बघू, कुणी भेटायला आलं तरी बघू. डॉक्टर म्हणाले, "समज किती शिल्लक आहे ते सांगता येत नाही. व्यायाम चालू ठेवा."

व्यायामासाठी शीवच्या हॉस्पिटलात जावं लागायचं. रिक्षात हे एका बाजूला कलंडायचे, एकदा तर माझ्या अंगावरून बाहेरच पडले असते. सुरुवातीला भावोजी सुट्टी काढून यायचे आणि आमच्या गाडीतून न्यायचे. पण त्यांची नोकरी होती, संसार होता. एक दिवस पुढच्या खोलीत बसून ते म्हणाले, "वहिनी, मला वाटतं गाडी काढून टाकावी. आता चालवणार कोण? उगाच उभी राहून सडायची." हे समोरच्या खुर्चीत बसले होते. म्हणाले, "बघू, बघू." भावोजींनी त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं आणि मला म्हणाले, "बघा, तोही हो म्हणतोय."

मी गाडी काढली नाही. स्टेशनजवळच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तेव्हा मुलुंडात साडी नेसून गाडी चालवणारी बाई दिसली की पोरं सायकल थांबवून बघायची. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच होता, आणि क्लचला पाय पोचेना म्हणून पाठीला उशी घेऊन बसायचे. पण शिकले. लायसन मिळालं. सासूबाई देवाला दिवा लावून मगच आम्हाला जाऊ द्यायच्या.

हायवेला लागलं की डावीकडे मिठागरं, ह्यांची नजर त्या बाजूला. पहिले काही महिने बरे गेले. मग पावसाळ्यात एकदा पुढचं चाक पंक्चर झालं. भांडुपजवळच्या एकाने चाक काढलं, ट्यूबला ठिगळ लावलं, पुन्हा बसवलं. त्यानंतर गाडीला काहीतरी झालं. हळू चाललं की ठीक. पण विक्रोळीजवळ रस्ता मोकळा मिळून काटा पन्नासच्या वर गेला की स्टिअरिंग थरथरायला लागायचं. हातांना मनगटापर्यंत मुंग्या आल्यासारखं व्हायचं. मी घाबरून वेग कमी करायचे, मागून ट्रकवाले हॉर्न मारायचे.

आणि हे चिडायचे. डाव्या हाताने डॅशबोर्डवर थापा मारायचे. "बघू! बघू! बघू!" आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायचे, मग खाली पायाकडे बोट करायचे. मला वाटलं पाय दुखतोय. एकदा गाडी कडेला घेऊन मी त्यांचा पाय चोळत बसले. त्यांनी माझा हात झटकला. मग वाटलं, माझं चालवणं ह्यांना आवडत नाही. आयुष्यभर स्वतः चालवलेली गाडी, आता बायको चालवते आणि आपण डाव्या सीटवर. मी म्हणाले, "अहो, दुसरा इलाज आहे का? मला तरी हौस आहे का?" त्यांनी डोळे मिटून घेतले.

पुढे बिस्किटांचं सुरू झालं. सकाळी चहाबरोबर मी त्यांना बिस्किटं द्यायचे. त्यांनी एक दिवस चार बिस्किटं टेबलावर मांडली, दोन पुढे, दोन मागे. एक बशीतच ठेवलं. मग डाव्या हाताने पुढचं एक तिरपं मागे सरकवलं, मागचं तिरपं पुढे आणलं. माझ्याकडे बघितलं. "बघू."

"खा ना, चहा निवतोय."

पुन्हा सगळी जागच्या जागी ठेवली. पुन्हा तसंच केलं. सासूबाई ताटातले तांदूळ निवडत होत्या. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "झील माझो परत ल्हान झालो गो."

असं बऱ्याच सकाळी चाललं. मी चहा, औषधं, आंघोळीचं पाणी यांत असायचे. एकदा शीवला निघायला उशीर होत होता, म्हणून मांडलेली बिस्किटं मी उचलून डब्यात टाकली. ह्यांनी बशी टेबलावरून फेकून दिली. आणि रडले. झटका आल्यापासून मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तोंड एका बाजूने वाकडं, त्यामुळे ते रडणं हसल्यासारखं दिसत होतं. मला ते बघवेना. मी काचा गोळा करत खाली बसून राहिले.

त्यानंतरच्या रविवारी मी गाडी धुवायला बादली घेऊन कंपाउंडात गेले. बिल्डिंगीत मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांचा चेंडू गाडीखाली गेला. तो काढायला वाकले, तर पुढचं चाक नाकासमोर आलं. बाहेरच्या कडेला टायर गुळगुळीत झाला होता. नक्षीच नव्हती. मधे मात्र नक्षी शाबूत. मी मागच्या चाकाशी गेले. तिथे उलटं, मधे झीज, कडा चांगल्या. चेंडू मुलांना दिला आणि तिथेच उकिडवी बसले. पुढची वळतात, मागची ढकलतात. ह्यांचा आवाज, तेलकट हात, बाजूला निवत चाललेला चहा, सगळं एकदम आठवलं. मग टेबल आठवलं. चार बिस्किटं आणि बशीतलं पाचवं.

बादली तशीच टाकून मी घरात पळाले. हे खुर्चीत होते. मी डबा आणला, समोर चार बिस्किटं मांडली, एक बशीत ठेवलं. पुढचं उजवं उचलून मागे डावीकडे ठेवलं.

"टायर? अहो, टायर फिरवायचेत?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. इतका वेळ बघितलं की मला वाटलं पुन्हा चुकले. मग त्यांनी बशीतलं बिस्किट उचललं, पुढच्या मोकळ्या जागेवर ठेवलं, आणि माझं मनगट धरून जोरजोरात हलवलं, स्टिअरिंग हलतं तसं.

"आणि बॅलन्सिंग. हात थरथरतात ते. हो ना?"

"बघू," हे म्हणाले, आणि कपाळ माझ्या हातावर टेकलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. "काय झाला? काय झाला गो?" विचारत होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही टायरवाल्याकडे गेलो. दुकानाचे मालक ह्यांना ओळखत होते, पण झटक्याचं त्यांना माहीत नव्हतं. ह्यांना धरून उतरवताना बघून ते गडबडले. लाकडी खुर्ची आणली, आणि ह्यांच्या डोक्यावरून मला विचारलं, "वहिनी, काय करायचंय?"

"ह्यांनाच विचारा. सगळं कळतं ह्यांना."

मी असं पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. मालक ह्यांच्यासमोर वाकले. "साहेब, पाचही फिरवू?" ह्यांनी मान हलवली. कामगार एकेक चाक काढून समोर आणत गेला, हे डाव्या हाताने टायर चाचपत गेले आणि बोटाने दाखवत गेले, हे इथे, ते तिथे. एका टायरच्या बाजूला फुगवटा आलेला होता. त्यावर हात पडताच ह्यांनी तळवा आडवा केला. हा नको. मालकांनीही वाकून बघितला. "बरं झालं आलात वहिनी. हायवेला फुटला असता."

चाक मशीनवर गरगर फिरायचं, थांबायचं, मग रिमच्या कडेला शिशाचा छोटा तुकडा ठोकायचे. मालक मला सांगत होते की पंक्चर काढताना टायर रिमवरून उतरवला की वजनाचा तोल बिघडतो, ठिगळाचंही वजन असतं, म्हणून चाक पुन्हा बॅलन्स करून घ्यायचं. आता मी नीट ऐकत होते. हे चाकाकडे बघत होते. चेहरा कारखान्यातून घरी आल्यावर असायचा तसा, दमलेला आणि निवांत.

परत येताना मी मुद्दाम हायवेला वळले. काटा साठावर नेला. स्टिअरिंग हातात नुसतं पडून होतं. हे सीटला डोकं टेकून बाहेर बघत होते. मी मात्र गाडी चालवता चालवता रडत होते, कारण वर्षभर आम्ही ह्यांच्या देखत काय काय बोललो होतो ते आठवत होतं. बरं वाटेल की नाही, किती दिवस असं चालायचं, गाडी काढायची का, आईंना गावाला ठेवायचं का. ह्यांनी ते सगळं ऐकलं होतं. आत बसून, एकेक शब्द.

त्यानंतर मी ह्यांच्याशी बोलायला लागले. बाजारातून दोन भाज्या आणायचे आणि दोन्ही समोर धरायचे. वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे, चुकीचं वाचलं की हे बोट उचलायचे. भावोजी आले की ह्यांच्या शेजारी बसून ऑफिसातल्या भानगडी सांगायचे, हे खांदे हलवून हसायचे. पुढे एकदा त्याच टायरवाल्याकडेही गेलो, वेळेवर, काही थरथरायच्या आधी. ते दिवस चांगले होते असं म्हटलं तर लोकांना नवल वाटेल.

थंडीत दुसरा झटका आला. दुपारची वेळ होती, मी स्वयंपाकघरात होते. सासूबाईंनी हाक मारली तोवर सगळं संपलं होतं.

बारावं-तेरावं झाल्यावर भावोजी सासूबाईंना मालवणला पोचवायला निघाले. जाण्याच्या आदल्या दिवशी त्या ह्यांच्या रिकाम्या खुर्चीजवळ जमिनीवर बसल्या होत्या. मी त्यांच्या लुगड्यांच्या घड्या घालत होते. त्या म्हणाल्या, "तुका टायराचा सांगलान. माका काय सांगूक बघी होतो गो तो?"

"म्हणजे?"

"रोज दुपारी तू कामात असलंस की खिडकीकडे हात करी. माका वाटला, तेका ऊन लागता. मी आपली पडदो ओढून घेय. मग तो गप बसा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पडदो नको होतो काय तेका?"

"उन्हाचंच असेल हो, आई," मी म्हणाले.

त्या गेल्यावर एका दुपारी मी पडदा सारून ह्यांच्या खुर्चीत बसले. बाहेर कंपाउंडची भिंत होती, तिच्यापलीकडे शेवग्याचं झाड, त्यावर कावळे. शाळा सुटल्यावर मुलं भिंतीवर चढून पलीकडे उड्या टाकत होती. मग एक बाई आली, तिने वाळलेले कपडे काढले आणि आत गेली. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत मी बसून राहिले. मला काही कळलं नाही.