अर्धी गोळी

धायरीतल्या लॅबमध्ये उपाशीपोटीचं रक्त देऊन झालं होतं. खाल्ल्यानंतरचं द्यायला आम्ही थांबलो होतो. फलकावर ‘मधुमेहासह आनंदी जीवन’ जगणारं जोडपं टेकडी चढत होतं. शेजारच्या गृहस्थांनी डब्यातले पोहे संपवले, मधुमेहाची गोळी नखाने मोडली, अर्धी गिळली आणि अर्धी कचऱ्यात टाकली.

“अहो, डॉक्टरांनी अर्धी सांगितलीय?”

“पूर्ण. आमची ही पूर्णच घ्यायची. कॅन्सरनं गेली.”

“गोळीमुळे?”

“सिद्ध झालेलं नाही म्हणतात. नसेलही.”

“मग पूर्ण घ्या की.”

“कशानं जायचं ते ठरत नाहीये, म्हणून अर्धी.”

दोन तासांनी त्यांना आत बोलावलं. भिंत धरून ते उठले. डाव्या चपलेत अंगठ्याची जागा रिकामी होती.