पलंगाची पाठराखीण

नकटं व्हावं पण धाकटं होऊ नये, असं म्हणतात. ही म्हण ज्याने काढली, त्याने माझी धाकटी जाऊ पाहिलेली नसणार. आमच्या घरात धाकटं असण्यासारखं दुसरं सुख नाही. मी थोरली. थोरलीने राबायचं आणि धाकटीचं कौतुक ऐकायचं, ही वाटणी ती उंबरठा ओलांडून आत आली त्या दिवशीच झाली. माझ्या पोटात दुखतं, असं आमचे हे म्हणतात. दुखतं तर दुखतं. पोट माझं आहे.

तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, फोटोवाला. बाजारात त्याचा स्टुडिओ होता. मागे धबधबा रंगवलेला मोठा पडदा, पुढे एक फिरतं स्टूल आणि दोन बाजूंना छत्रीचे दिवे. आयुष्यभर लोकांना ‘हनुवटी जरा खाली’ म्हणून म्हणून त्याला अशी सवय लागली होती, की जेवतानाही समोरच्याच्या हनुवटीकडे बघायचा. चांगलं चाललं होतं. पण त्याला अवदसा आठवली आणि फोटो छापायचं एक भलंथोरलं यंत्र त्याने कर्ज काढून आणलं. ते बसतंय न बसतंय तोच जो तो खिशातला फोन काढून आपले आपण फोटो काढायला लागला. यंत्र भंगारात गेलं, स्टुडिओला कुलूप लागलं, आणि कर्ज तेवढं मागे राहिलं. दीर एका गोदामात खोकी उतरवून घ्यायच्या कामाला लागला. धाकटी शर्टांच्या कारखान्यातून काज-बटणांचं काम घरी आणू लागली.

आता मुख्य गोष्ट सांगते. आमच्या सासूबाई पहिल्यापासून धाकटीकडे राहतात. आमचं घर मोठं, वर-खाली मिळून चार खोल्या, ह्यांचं नळांच्या सामानाचं दुकान जोरात, आणि म्हातारी राहणार कुठे, तर धाकट्याच्या दोन खोल्यांत. शेजारपाजारचे सहज विचारतात, “सासूबाई तुमच्याकडे नसतात वाटतं?” प्रश्न साधाच असतो, पण मला मिरच्या झोंबतात. मला त्यांचे दागिने नकोत, काही नको. त्यांनी एकदा माझ्या घराला आपलं घर म्हणावं, एवढं एकच मला हवं होतं.

म्हणून स्टुडिओला कुलूप लागल्याबरोबर मी गेले. म्हटलं, “सासूबाई, आता तुम्ही आमच्याकडेच चला. इथे यांचीच ओढाताण.”

“आता?” त्या म्हणाल्या. “बोट बुडायला लागली की पळायला मी काय उंदीर आहे?”

हे धाकट्या भावाला पैसे द्यायला निघाले होते. दिराने हातच जोडले. “दादा, एक कर्ज फेडायला दुसरं नको. घरात सामान आहे, ते विकतो. पोट आवळतो. होईल.” मग मी पुढे झाले. विकायचंच आहे तर परक्याच्या घरात कशाला जायला हवं? मी घेते. सगळे म्हणाले, थोरली मनाची केवढी मोठी. म्हणू देत. माझा विचार सरळ होता. घर रिकामं झालं की म्हातारी टेकणार कुठे? आज ना उद्या माझ्याच दारात येणार.

पहिलं आलं ते आरशाचं कपाट. त्या कपाटावर माझा डोळा तिच्या लग्नापासून होता. हमाल ते उचलायला लागले तशी तिची मुलगी, आमची चिमणी, भोकाड पसरून रडायला लागली. तर सासूबाई तिला म्हणतात, “रडतेस काय वेडे? सासरी चाललंय ते. घर चांगलं बघून दिलंय.”

झालं. त्या दिवसापासून त्या घरात ‘विकलं’ हा शब्द बंद. मिक्सर सासरी गेला. फ्रीज सासरी गेला. जेवणाचं टेबल विकायचं ठरलं तेव्हा चिमणीने विचारलं, “टेबलाचं कुठे जमलं का?” आणि दीर गंभीर चेहरा करून म्हणाला, “स्थळ चांगलं आहे, पण एक पाय जरा लंगडा आहे हे आधी सांगायला हवं.” हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. मी तिथेच उभी होते. घरातली वस्तू न् वस्तू चालली आहे आणि यांना हसू सुचतं! मला तर माझा एक पेला फुटला तरी दोन दिवस जेवण जात नाही.

चिमणी कधीमधी आमच्याकडे यायची आणि थेट कपाटापाशी जायची. आरशात बघून म्हणायची, “बरं चाललंय ना? काकू त्रास देत नाही ना?” मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. पोरगी म्हणून सोडून दिलं.

त्यांची काटकसर बघायला मी मुद्दाम जायचे. वाटायचं, आज तरी धाकटीचं तोंड उतरलेलं दिसेल. कपाट गेल्यावर त्यांनी दोरी बांधली, तिच्यावर कपडे टाकले आणि पुढे स्टुडिओतला धबधबा लावून दिला. कपडे हवे असले की म्हणायचे, “धबधब्यामागे बघ.” माझ्याकडे आता दोन दोन कपाटं होती, पण असा धबधबा नव्हता. चिमणीला कच्च्या लिखाणाला वही नाही, तर गिऱ्हाइकांनी न नेलेल्या फोटोंच्या पाठी. एका बाजूला गणित आणि दुसऱ्या बाजूला कोण कुठला मिशीवाला. बसचे पैसे नकोत म्हणून दीर गोदामापर्यंत चालत जायचा आणि वर म्हणायचा, पोट कमी झालं.

या सगळ्या कारभाराच्या वर होत्या सासूबाई. घरात एका वेळी एकच दिवा जळायचा, आणि त्या दिव्याच्या मालकीण त्या. जिथे दिवा, तिथे सगळ्यांनी बसायचं. कोणी दुसऱ्या खोलीतला दिवा विसरून आलं, की आतून आवाज यायचा, “तिकडे दिवा कोणासाठी जळतोय? भुताचा अभ्यास चाललाय का?” चहा किती उकळायचा, साबणाच्या चिपा कुठल्या वडीला चिकटवायच्या, पुढचं स्थळ कुठल्या वस्तूला बघायचं, सगळं त्याच ठरवायच्या. मांडीवर ताट घेऊन बटणं निवडायच्या, लहान इकडे, मोठी तिकडे. माझ्याकडे बघायलाही त्यांना सवड नसायची. मी गेले की धाकटी मात्र लगबगीने उठायची, घरात उरलेली एकुलती एक खुर्ची मला द्यायची, कपबशीतून चहा आणायची. मी खुर्चीवर, आणि ते सगळे खाली दिव्याभोवती. वरून त्यांचे भांग दिसायचे.

एकदा हे संध्याकाळी दुकानातून घरी आले नाहीत. फोन उचलेनात. मी शोधत गेले, तर स्वारी तिथे मांडी घालून बसलेली. ज्या माणसाने जन्मात स्वतःच्या शर्टाला बटण लावलं नाही, तो चष्मा नाकावर घेऊन काजं तपासत होता! आणि सासूबाई म्हणत होत्या, “धागा कापायचा राहिला बघ तुझा.” हे लहान मुलासारखे “हो आई” म्हणाले. माझ्याकडे बघून कोणी दचकलंसुद्धा नाही. घरी येताना मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, हे आणखी.

आमच्या घरात तोवर चालायला जागा राहिली नव्हती. दोन फ्रीज, दोन टेबलं. लंगड्या टेबलाचा कोपरा येता-जाता माझ्याच मांडीला लागायचा. पण मी धीर धरला होता.

आणि मग पलंग निघाला. अंथरूण पाहून पाय पसरावेत, म्हणतात. यांनी अंथरूण ठेवलं आणि पलंगच विकायला काढला. तो सासूबाईंचा स्वतःचा पलंग, जाड पायांचा, उशाशी लाकडी गोंडे कोरलेला. तो विकला की कर्ज जवळजवळ फिटत होतं. धाकटीला ते मान्य नव्हतं. सासूबाईच म्हणाल्या, “एवढी एकच उपवर राहिली आहे घरात. तिचंही उरकून टाका.”

धाकटीने मला सांगितलं, तेव्हा तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. मला आतून उकळ्या फुटत होत्या. सासूबाईंचे गुडघे असे, की खाली बसल्या तर उठायला दोन माणसं लागतात. जमिनीवर किती दिवस झोपतील? पलंग जिथे, म्हातारी तिथे.

आणि तसंच झालं! टेम्पो दाराशी आला, तर ड्रायव्हरच्या शेजारी सासूबाई, मांडीवर पिशवी. मी धावतच गेले.

“हळू गं,” त्या उतरत म्हणाल्या. “पाठराखीण आलेय मी. नव्या नवरीला एकटी कशी पाठवायची? चार दिवस राहीन, ती रुळली की जाईन.”

चार दिवस म्हणजे बोलायची पद्धत, असं मी धरून चालले. उन्हाची खोली मी त्यांना दिली. नवी चादर, दोन उशा. त्या उठायच्या आत चहा हातात. ताट उचलायला निघाल्या की “राहू द्या हो.” भाजी निवडायला मागितली, तर “तुम्ही आता नुसता आराम करायचा.” दिवा बंद करायला उठल्या, तर मी म्हटलं, “जळू दे की, आपल्याला काय कमी आहे?” शेजारणींना एकेकीला बोलावून आणलं. त्या दारातून डोकावायच्या, सासूबाई पलंगावरून मान हलवायच्या. माझी मान अशी ताठ झाली होती, की रात्री दुखायची. धाकटीने चार दिवसांत एकदाही फोन केला नाही, हेही मी हसत हसत सासूबाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, “मीच नको म्हटलंय. नवरीच्या घरी सारखं विचारू नये.”

पाचव्या सकाळी मी चहा घेऊन गेले. पांघरुणाची घडी घातलेली, पिशवी भरलेली, आणि सासूबाई पलंगाच्या कडेवर, गाडीची वाट बघत बसावं तशा बसलेल्या.

“कुठे निघालात?”

“घरी.”

एवढाच शब्द. कोणी थोबाडीत मारली असती तर बरं, असं झालं मला.

“तिथे काय आहे हो?” माझा आवाज चढला. “चार भिंती आणि एक दिवा! फरशीवर झोपाल, गुडघे धरतील.”

“धरतील.”

“मग इथे काय कमी पडलं तुम्हाला? सांगा ना. मी काय करायचं ठेवलं?”

“काही नाही ठेवलंस,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या हातातला चहा काढून घेतला, मला जवळ बसवलं. “तेच तर. चार दिवसांत तू मला भाजीचं एक देठ मोडू दिलं नाहीस. कपाट ठेवलंस, टेबल ठेवलंस, तसं मलाही पुसूनबिसून ठेवलंस.” मग माझ्या पाठीवर हात ठेवून हसल्या. “अगं, पलंग सासरी आलाय. मी नाही.”

हे त्यांना रिक्षाने सोडून आले. मी त्या पलंगावर बसून राहिले आणि धाकटीला मनातल्या मनात जेवढं बोलता येईल तेवढं बोलले.

पुढे महिन्याभरात धाकटी आली. डोळे भरलेले, तोंडभर हसू. “ताई, सुटलो! शेवटचे पैसे भरून आले.”

मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हटलं, “मग आता तो पलंग घेऊन जा. मला पैसे नकोत. अडगळ झालीय नुसती.”

“असं कसं ताई? सासरी दिलेली परत मागतात का कोणी?” ती म्हणाली. “आणि आईंना आता जाड गादी घातलीय खाली. आम्ही दोघं हात देऊन उठवतो. त्यांना तेच बरं वाटतं.” माझं दान घ्यायलाही यांना सवड नाही! “चला ना,” ती म्हणाली, “आईंनी तुम्हाला बोलावलंय.”

मी फुरंगटूनच गेले. घरात काहीच नव्हतं. खुर्चीसुद्धा नव्हती, तीही मधल्या काळात कुठेतरी सासरी गेली होती. जमिनीवर मटारच्या शेंगांचा डोंगर आणि त्याच्याभोवती दीर, चिमणी, आमचे हे आणि सासूबाई. मी दारात उभी राहिले, कोणीतरी उठून मला बसायला देईल म्हणून. कोणी उठलं नाही.

सासूबाईंनी मान वर न करताच म्हटलं, “खांबासारखी उभी काय राहिलीस? बस खाली, आणि हे सोल.” आणि दोन्ही हातांनी शेंगांचा एक ढीग माझ्यापुढे लोटला. “दाणे उडवू नकोस इकडे तिकडे. एक वाया गेलेला चालायचा नाही मला.”

मी बसले. मांडी घालताना गुडघे कुरकुरले. दुसरीकडे कोणी मला असं फर्मावलं असतं, तर मी त्याची खरडपट्टी काढली असती. पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की थोडा वेळ शेंगा नीट दिसेनात. पदराने डोळे पुसले, दोन शेंगा सोलल्या आणि जरा बाजूला बघितलं.

धाकटीच्या पुढ्यातला ढीग माझ्यापेक्षा मोठा होता. मी हात लांब केला आणि त्यातल्या दोन मुठी शेंगा माझ्याकडे ओढून घेतल्या.