लालबागला, नलूताईंचे आभार मानायला

कोल्हापूरहून निघताना नवरा म्हणाला की आभार फोनवरही मानता येतील. पण मला नलूताईंना भेटायचंच होतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई परळच्या एका इस्पितळात होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. नलूताई, एक निवृत्त शिक्षिका, दुपारी वॉर्डात येऊन बायकांना कादंबरी वाचून दाखवायच्या. मी बौद्ध घरातली, म्हणून सासूबाईंनी नऊ वर्षं माझं तोंड पाहिलं नव्हतं. तिथूनच एका संध्याकाळी मला त्यांचा पहिला फोन आला. नलूताईंच्या वाचनाबद्दल पुढे त्यांच्याच तोंडून ऐकलं.

सकाळी दादरला उतरले, सोनचाफा घेतला आणि बसने लालबाग गाठलं. डंखांचा (मसाला कुटायच्या यंत्रांचा) धडधडाट चालू होता. शिंकत शिंकत मी भलत्याच चाळीत शिरले, तीन मजले चढले. तिथल्या एका आजोबांनी आधी पाणी दिलं, मग कठड्यावरून समोरच्या चाळीतलं दार दाखवलं.

नलूताईंनी चहासोबत घावणे (तांदळाची जाळीदार धिरडी) वाढले. मी कोण ते सांगितल्यावर त्या वॉर्डातली गोष्ट सांगू लागल्या. कादंबरीत जातीमुळे एक सून उंबऱ्याबाहेर उभी राहते, तो भाग आला तेव्हा सासूबाईंनी पुस्तक मिटायला लावलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. आजारी बाईला आपण दुखावलं, असं नलूताईंना वाटलं. दुसऱ्या दिवशी जायला त्यांचा पाय निघत नव्हता.

"गेले, तर म्हणाल्या, कालचाच भाग परत वाच. ऐकून झाल्यावर विचारलं, 'त्या सुनेक कोणी इचारल्यान काय, जेवलंस काय म्हणान?'" (त्या सुनेला कोणी विचारलं का, जेवलीस का म्हणून?)

"तुम्ही काय सांगितलंत?"

"पुस्तकात कोणीच विचारत नाही, म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांना दुसरीकडे हलवलं. पुढचं मला कळलंच नाही."

मग पुढचं मी सांगितलं. तो भाग परत ऐकला त्याच संध्याकाळी फोनवर सासूबाई एवढंच बोलल्या होत्या, "जेवलंस काय?" शेवटचे पाच आठवडे मी त्यांच्याजवळ होते. त्यांना भरवायचे, वेणी घालायचे. नलूताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. तो बराच वेळ पुसत राहिल्या.

परतीच्या बसमध्ये नवऱ्याची आठवण आली. नऊ वर्षं तो आईशी भांडला होता, मी पत्रं लिहिली होती. त्यांतलं काहीच पोचलं नव्हतं. कधी जन्मालाच न आलेल्या एका बाईसाठी सासूबाईंचा जीव कळवळला, आणि त्यात मलाही जागा झाली. त्या बाईचे आभार कुठे मानायचे, मला ठाऊक नाही. नलूताईंचे मानून आले.