उत्तराआधीची हिरवी टिक

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. ऑफिसात तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही — पण सांगतेय.

अकरा वर्षं मी बातमीदार होते. पेपर बंद पडला, मी वेबसाइट बनवायला शिकले आणि साकीनाक्याच्या एका छोट्या कंपनीत लागले. बातमीदारीतली एक सवय अंगात मुरलेली होती: समोरून दुजोरा आल्याशिवाय एक ओळही छापायची नाही.

अंधेरीत एक जुना मासळी बाजार पाडून नवा बांधला होता. ओटे कमी, विक्रेत्या जास्त. ज्या विक्रेत्या मुदतीत मोबाइलवरून अर्ज भरतील, त्यांच्याच नावांची सोडत निघणार होती. तो अर्ज मी बनवला.

पहिल्या चाचणीत बटण दाबल्यावर तीन-चार सेकंद चक्र फिरायचं. अर्ज सर्व्हरवर पोहोचून उत्तर येईपर्यंत तेवढा वेळ जातो. आमचे साहेब वैतागले. "एवढं कोण थांबणार यार? दाबलं की टिक — झकास!" मी करून दिलं. कसं? हिरवी टिक आणि 'अर्ज मिळाला' ही अक्षरं थेट बटणालाच जोडली. उत्तराची वाटच बघायची नाही. लोकांना वाटतं, पडद्यावर आलं म्हणजे पलीकडे पोहोचलं. तसं नसतं. ती टिक तुमच्याच फोनमध्ये उमटते. पलीकडे काही मिळालंय की नाही, हे तिला ठाऊकच नसतं. मला ठाऊक होतं. दुजोऱ्याआधी छापलं होतं मी.

यमुनामावशीची हयात त्या बाजारात मासळी विकण्यात गेली. अर्जदारांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. अर्ज तिने पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये बसून भरला होता — तिथे नेटवर्क येतं, जातं. सोडतीच्या आदल्या दिवशी सकाळी बाजार समितीने तिलाही बोलावलं, आम्हालाही.

"माज्या डोल्यांनी हिरवी टिक बगितली," ती म्हणाली. "आता काय बोंबलाची शपत घेऊ?" मागे उभ्या असलेल्या दोघी-तिघी हसल्या.

समितीचे अध्यक्ष माझ्याकडे वळले. प्रश्न त्यांनी नेमका विचारला. "मॅडम, अर्ज पोहोचला नाही तरी टिक दिसू शकते का?"

किती सोपं होतं! 'हो' म्हणायचं. यादीत एक नाव वाढलं असतं. साहेब शेजारी बसले होते, पण त्यांनी मला डोळ्याने खुणावलं नाही, काही नाही. टिक कुठे जोडलीय हे त्यांना माहीतच नव्हतं. म्हणजे दबाव कुणाचा होता? कुणाचाच नाही. चूक माझी आहे हे चार लोकांसमोर म्हणायचं होतं, एवढंच.

"नाही," मी म्हणाले. "त्यांच्याकडून बटण नीट दाबलं गेलं नसेल."

मावशीने फोन उलटसुलट करून बघितला, पदराने काच पुसली. मग मलाच म्हणाली, समजूत घातल्यासारखी, "मंग माजीच चूक झाली आसंल गं बाय."

दुपारी ऑफिसात येऊन मी टिक तिच्या जागी नेली — आता ती उत्तर आल्यावरच दिसते. दहा मिनिटं लागली. बदलांच्या नोंदीत लिहिलं: किरकोळ दुरुस्ती. सोडत दुसऱ्या दिवशी होती. अख्खी संध्याकाळ माझ्या हातात होती. अध्यक्षांचा नंबरही होता. फोन केला नाही.

यमुनामावशी आता बाजाराच्या फाटकाबाहेर, रस्त्यावर पाटी घेऊन बसते. आत ओटा का नाही, असं कुणी विचारलं की हसते आणि सांगते, "माला मोबाइल नाय जमत."

जमला होता. तिने बटण बरोबर दाबलं होतं.