हेमराजची नकल

मंडईला मोहाडीत आलेला पाहुणा चहाच्या आधी विचारायचा, "खेमराज यंदा कोणाची नकल करून राहिला?" दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडईची जत्रा भरते, घरोघर पाहुणे उतरतात आणि दिवसाढवळ्या खडी गंमत हा गाण्यांचा, सोंगांचा खेळ रंगतो. त्या गंमतीत लोकांना हसवायचं काम खेमराजचं. एरवी हा गडी धाकट्या भावाच्या, हेमराजच्या, शेजारी बसून हातमागावर कोसा रेशमाचं कापड विणायचा आणि तिरप्या नजरेने जग टिपायचा. सरपंचाची चाल, तलाठ्याची ढेकर, स्वतःच्या सासऱ्याचं घोरणं, काही म्हणता काही त्याच्या तावडीतून सुटलं नाही. मग घरातला भाऊ कसा सुटेल?

हेमराज भित्रा. निदान खेमराजने त्याच्यावर तसा शिक्का मारून ठेवला होता. मागाच्या खोलीला कुलूप लावलं की तो चार पावलं जायचा आणि परत येऊन कुलूप ओढून पाहायचा. पुन्हा जायचा, पुन्हा यायचा. बाजाराच्या दिवशी सकाळपासून त्याचं पोट बिघडायचं. पंगतीत दाराजवळची जागा धरायचा आणि दोन घासांत ताट सारायचा. थंडीत कपाळाला घाम. बोलता बोलता ओठ कोरडे पडत आणि अंगठा छातीवर गोल गोल फिरत राही. एखाद्या वैद्यालाही जमणार नाही इतकं बारीक खेमराजने पाहिलं होतं, आणि एवढं पाहून त्या शहाण्याला सुचलं काय, तर हे मंडईत करू!

केलंही. कुलूप, घाम, अंगठा, सगळं केलं. शेवटी छाती धरून मटकन खाली बसला आणि ओरडला, "मेलो गा, मेलो!" लोकांची हसून मुरकुंडी वळली. मागे उभा असलेला हेमराजही हसला. "पाहा, त्याले बी मज्जा आली," खेमराज म्हणाला. माणसाला आपल्या सोयीचं तेवढंच दिसतं.

पुढच्या मंडईत लोकांनी हट्टाने तीच नकल करायला लावली. हेमराज दिसला की चौकातली माणसं छातीवर अंगठा फिरवू लागली. त्याने बाजार सोडला. कापड घेऊन त्याची बायको गीताबाई जाऊ लागली. खेमराजने तेही सोडलं नाही. "काहून बा, बायकोच्या पदराआड लपून राहिला? हसतील त्यांचे दात दिसतील, तुले काय होते?"

मग पौषातल्या एका सकाळी हेमराज मोठ्या धीराने कापडाचं गाठोडं घेऊन भंडाऱ्याला निघाला. गावच्या बसस्टँडवरच त्याचा श्वास अडकला. अंगठा छातीवर गेला. तो मटकन खाली बसला आणि म्हणाला, "मेलो गा."

भोवतीची माणसं हसली. एकाने टाळ्या वाजवल्या. "वा रे वा! आता हा खेमराजची नकल करून राहिला!"

खेमराज तिथेच टपरीवर चहा पीत होता. त्यालाही आधी हसूच आलं. मग त्याला भावाचे डोळे दिसले. हेमराज लोकांकडे पाहत नव्हता, त्याच्याकडे पाहत होता. खेमराज चहा तसाच टाकून धावला. अशी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. भावाला धरून उठवताना त्याला मान वर करवेना.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात ईसीजी काढला. हृदय ठणठणीत निघालं. "ही घबराट आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सोंग नाही, दुखणंच आहे, आणि औषधाने, बोलण्याने ते आटोक्यात येतं. काय काय होतं ते सांगा."

हेमराजला बोलता येईना. मागच्या बसने आलेली गीताबाई भिंतीशी उभी होती. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, ती लग्न होऊन आल्यापासून समोरासमोर बोलली नव्हती. तशी रीतच होती. त्या दिवशी ती सरळ त्याच्याकडे वळली.

"तुमीच सांगा. तुमाले सारं पाठ आहे."

खेमराज सांगू लागला. कुलूप, पोट, पंगत, घाम. सांगता सांगता सवयीने त्याचा अंगठा छातीवर फिरू लागला. ध्यानात येताच त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"राहू दे दादा," हेमराज हळूच म्हणाला. "बरोबर करून राहिला तू. असंच होते मले."

डॉक्टरबाईंनी लिहिणं थांबवलं. "इतकं सगळं तुम्हाला दिसत होतं? मग आधीच का नाही आणलंत यांना?"

भर मंडईत ज्याची जीभ कधी अडखळली नाही, तो खेमराज फरशीकडे पाहत पुटपुटला,

"लोक हासत होते ना, बाई."